दोन ४ टीबीच्या डिस्क घेतल्यात. मिरर करू, की एक बाजूला ठेवू?

मीटरगेज (मिरज)

नमस्कार मंडळी. आधी काय घडलं ते सांगतो, मग प्रश्न. लांबण लागेल, पण नाही सांगितलं तर पहिल्याच उत्तरात "सेटअप काय आहे ते सांगा" असं येणार, हे माहीत आहे.

घरात एक जुना टॉवर पीसी आहे, ऑफिसने भंगारात काढलेला. त्यावर डेबियन लिनक्स. काम फार नाही. घरातल्या चार फोनांमधले फोटो इमिचमध्ये (घरच्याच मशीनवर फोटो साठवायचं सॉफ्टवेअर) जातात, आणि वडिलांच्या कॅसेट. वडील तंबोऱ्यांची जवारी काढायचे, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून द्यायचे. त्यामुळे गाणाऱ्यांची घरी ये-जा, आणि दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं तिथे हे टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत. अशा १६३ कॅसेट, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. गेली दोन वर्षं दर रविवारी एक-दोन असं करत सगळ्या संगणकात घेतल्या. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅक फाइल (दर्जा न घालवता दाबलेला आवाज). तासाला साधारण सव्वा जीबी, म्हणजे एकूण तीनशे जीबीच्या आसपास. फोटो-व्हिडिओ आणखी चारशे.

हे सगळं एका १ टीबीच्या यूएसबी डिस्कवर, आणि तशीच दुसरी १ टीबी बॅकअपला. रोज रात्री अडीचला आरसिंक (फाइलींची प्रत करणारी कमांड) चालायचा, डिलीटचा पर्याय लावून, म्हणजे इकडे जे पुसलं ते तिकडेही पुसलं जावं आणि दोन्हीकडे तंतोतंत तेच राहावं. मला फार अभिमान होता या स्क्रिप्टचा. चार ओळींची होती.

मागच्या महिन्यात रात्री लाईट गेली. इन्व्हर्टर आहे, पण तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात पीसी रीस्टार्ट होतो. झाला. मूळ डिस्क मात्र वर आली नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क लावायच्या त्याची यादी) मी तिला नोफेल (नसली तरी पुढे जा) लावलेलं, कारण त्याआधी एकदा डिस्क नाही म्हणून मशीन बूटच होईना आणि मॉनिटर शोधत बसावं लागलं होतं. तर मशीन निमूटपणे सुरू झालं, डिस्कच्या जागी रिकामं फोल्डर. अडीच वाजले. आरसिंकने पाहिलं, इकडे काहीच नाही. त्याच्या हिशोबाने मीच सगळं पुसलं होतं. त्याने इमानेइतबारे तिकडचंही पुसलं.

सकाळी लॉग उघडला तर "डिलीटिंग"ने सुरू होणाऱ्या ओळी, खाली जातोय, जातोय, संपेनात. "कॅसेट ०४१ बाजू ब". "कॅसेट ०४२ बाजू अ". चहा तसाच राहिला.

मूळ डिस्कची केबल काढून परत लावली, एफएसके (डिस्कची तपासणी-दुरुस्ती) चालवलं, आणि ती आली. सगळं होतं. बॅकअप परत भरून घेतला. पण त्या वीस मिनिटांत मी काय काय कबूल केलं ते देवाला ठाऊक.

म्हणून आता खर्च केला. सांगलीतून दोन ४ टीबीच्या साडेतीन इंची डिस्क आणल्या. एक नॅसची (घरगुती फाइल-सर्व्हरसाठी असते ती). दुसरी दुकानदाराकडे तशी नव्हती, त्याने सीसीटीव्हीची दिली, म्हणाला "तेच असतंय ओ". एक यूएसबी डॉकही (डिस्क बाहेरून खोचायचा स्टँड) घेतला. बजेट संपलं.

आता विचारायचं ते हे: दोन्ही पीसीत बसवून रेड-१ करू का, म्हणजे एक मेली तरी दुसरी चालू? की एक आत आणि एक डॉकमध्ये? आणि सीसीटीव्हीच्या डिस्कने मला फसवलंय का?

रूटपेठ (पुणे)

मिरर करू नका.

रेड-१ म्हणजे एकच पाटी दोन हातांनी लिहिणं. एक डिस्क जळाली तर दुसरी चालू राहते, एवढाच त्याचा उपयोग. बँकेच्या सर्व्हरला तो हवा, कारण तिथे दहा मिनिटं बंद पडलेलं चालत नाही. तुमच्या घरी फोटो दोन दिवस दिसले नाहीत तर कोणाचं काही अडतंय? पुसलेली फाइल मात्र मिररमध्ये त्याच क्षणी दोन्हीकडून जाते. तुमच्या आरसिंकला निदान अडीच वाजेपर्यंत थांबायचा धीर होता.

तुमचं दुखणं डिस्क मरण्याचं नव्हतंच. तुमच्याकडे *कालची* प्रत नव्हती, फक्त आत्ताची दोनदा होती. तेव्हा एक डिस्क आत, मूळ म्हणून. दुसरी डॉकमध्ये, आणि तिच्यावर तारीखवार प्रती. आरसिंकलाच लिंक-डेस्ट म्हणून पर्याय आहे. रोज नवं फोल्डर बनतं, न बदललेल्या फाइली आधीच्या फोल्डरशी हार्डलिंकने (फाइल एकच, नावं दोन) जोडलेल्या असतात, म्हणून जागा फक्त बदललेल्या फाइलींची लागते. तीस दिवसांची तीस फोल्डर दिसतील, जागा मात्र सातशे जीबी आणि वर थोडी. डिस्क एक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करा. एक्सफॅटवर हार्डलिंक चालत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

मीटरगेज दादा, रूटपेठांचं बरोबर आहे, पण दोन्ही डिस्क एकाच टेबलावर राहणार ना? मग माझं ऐका.

२०१९ चा ऑगस्ट. आमची हळदीची अडत, घर वर आणि ऑफिस खाली, गावभागात. ऑफिसच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण सासऱ्यांनी खिळ्याने कोरून ठेवली होती. पाणी वाढतंय म्हटल्यावर आम्ही कॉम्प्युटर उचलून कपाटावर ठेवला, त्या खुणेच्या दीड फूट वर. बॅकअपची डिस्क टेबलाच्या ड्रॉवरमधून काढली आणि तीही तिथेच, कॉम्प्युटरच्या शेजारी. शहाणपणाच केला म्हणायचा. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या खुणेच्या तीन फूट वर.

पाणी ओसरल्यावर दोन्ही डिस्क मिळाल्या, गाळासकट. इथे एक चूक केली ती तुम्ही कोणी करू नका. मोठ्या मुलाने डिस्क पुसली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि लावून बघितली. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं. त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं. सुरू केल्यावर जो आवाज आला तो अजून आठवतो, पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. नंतर डेटा काढून देणाऱ्याने सांगितलं की भिजलेली डिस्क कधी सुरू करायचीच नाही, वाळवायचीही नाही, आहे तशी ओली पिशवीत बांधून आणायची.

मार्चपर्यंतचे हिशोब सीएंकडे होते. एप्रिल ते जुलै आम्ही शेतकऱ्यांकडच्या पट्ट्या मागून मागून पुन्हा लिहिले. दिवाळीपर्यंत पुरलं ते काम.

मिरजेला कृष्णा घाटावर पाणी येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. एक प्रत गावाबाहेर पाहिजे. नात्यात कोणी आहे का बाहेर?

नाइटशिफ्ट (हिंजवडी)

स्टोरेजचंच काम करतो, त्यामुळे राहवलं नाही. फोनवर मराठी कीबोर्ड आहे, कमांड तशाच लिहितो, समजून घ्या.

सीसीटीव्हीच्या डिस्कबद्दल: फसवलं नाही. ती सतत लिहिण्यासाठी बनवलेली असते, साध्या पीसीत साध्या डिस्कसारखी चालते. घ्यायच्या आधी बघायचं असतं ते सीएमआर (पट्टे सुटे सुटे) आहे की एसएमआर. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात, आणि मोठी कॉपी चालू असताना वेग रांगायला लागतो. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, लिहिलेलं असतं. आणि दोन डिस्क वेगवेगळ्या मिळाल्या हे उलट चांगलं झालं. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या डिस्क कधी कधी एकदमच आजारी पडतात.

डेटा टाकण्याआधी डिस्कचा घाम काढा. आधी स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) चालवून पॉवर-ऑन अवर्स बघा. नवी म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती नवी नाही, तशीच परत करा. मग बॅडब्लॉक्स, म्हणजे खराब जागा शोधणारी कमांड, लिहिण्याच्या मोडमध्ये, ब्लॉक साइज ४०९६. हे डिस्कवरचं सगळं पुसतं, नाव दोनदा तपासून द्या. चार वेगवेगळे नमुने लिहून परत वाचतं, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. ४ टीबीला एका फेरीला सात-आठ तास धरा, अडीच दिवस सहज. डॉकमध्ये करणार असाल तर समोर टेबलफॅन लावा. उभ्या डॉकमध्ये डिस्कला वारा लागत नाही आणि अडीच दिवसांत ती तव्यासारखी होते. संपल्यावर पुन्हा स्मार्टसीटीएल: ५, १९७ आणि १९८ या तीन ओळींचे (खराब किंवा वाचता न येणाऱ्या जागांची मोजणी) कच्चे आकडे शून्य पाहिजेत. डॉकमधून काही दिसत नसेल तर डी पर्यायाला सॅट असं द्या.

फॉरमॅट करताना एक गंमत. एक्सटी४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी (मशीनच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवतं. सिस्टीमच्या डिस्कला ते ठीक, डेटाच्या ४ टीबीवर २०० जीबी नुसते बसून राहतात. ट्यून२एफएसने ती टक्केवारी शून्य करा.

आता तुमची स्क्रिप्ट. नोफेल बरोबरच होतं, ते काढू नका. चुकलं ते पुढे. आरसिंकच्या आधी एक ओळ हवी: माउंटपॉइंट कमांडने विचारायचं की ही डिस्क खरंच लागली आहे का, नसेल तर तिथेच थांब. मूळ आणि बॅकअप, दोन्हींसाठी विचारा. कारण उलटंही होतं: बॅकअपची डिस्क नसली की आरसिंक त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या सिस्टीमच्या डिस्कवर, सातशे जीबी ओतायला लागतो आणि मशीन गुदमरतं. त्यावर माझी जुनी सवय: डिस्क लागलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआरने अपरिवर्तनीय करून टाकायचं. मग चुकूनही तिथे काही लिहिलं जात नाही. डिलीट वापरायचंच असेल तर मॅक्स-डिलीट द्या. शंभरच्या वर फाइली पुसायची वेळ आली की उरलेल्यांना तो हात लावत नाही.

प्रतींसाठी मी स्वतः रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरतो. एन्क्रिप्शन त्यातच, रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ स्नॅपशॉट ठेव म्हटलं की बाकीचे काढून टाकतो, आणि चेकला रीड-डेटा पर्याय दिला की साठवलेलं खरंच वाचता येतंय का ते सांगतो. पासवर्ड हरवला तर मात्र डेटा गेला, त्याला मागचं दार नाही. माझा कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाइलीत आहे.

जाता जाता: इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना असतं आणि ते नॉर्मलवर असतं, कारण पंख्या-ट्यूबना चालतं. यूपीएस मोडला बदल लवकर होतो, पीसी पडत नाही.

रूटपेठ (पुणे)

नाइटशिफ्ट, बाकी सगळं मान्य, रेस्टिक नाही. उद्या मीटरगेज आजारी पडले तर घरचे ती डिस्क लावणार आणि त्यांना दिसणार डेटा नावाचं फोल्डर, आत आकडे-अक्षरांची हजारो पोतडी. कॅसेट ०४१ कुठाय? साधी फोल्डर दिसली पाहिजेत. आणि फ्लॅक आधीच दाबलेली असते, रेस्टिक तिथे जागा काय वाचवणार?

नाइटशिफ्ट (हिंजवडी)

एक्सटी४ ची डिस्क घरच्यांनी विंडोजला लावली तर त्यांना तुमची साधी फोल्डरही दिसणार नाहीत, उलट "फॉरमॅट करू का" असं विचारेल आणि कोणीतरी हो म्हणेल. तेव्हा कागदावर दोन ओळी लिहून डिस्कला चिकटवायच्याच आहेत, मग त्या रेस्टिकच्या लिहिल्या तर काय बिघडलं.

शिवाय गावाबाहेर जाणाऱ्या डिस्कवर घरातल्या सगळ्यांचे फोटो, आधारकार्डांचे स्कॅन. ती बसमध्ये राहिली तर? तिथे एन्क्रिप्शन पाहिजेच.

मीटरगेज (मिरज)

दोघांचंही ऐकतो. घरातल्या डॉकवर लिंक-डेस्टची साधी फोल्डर, बाहेर जाणाऱ्यावर रेस्टिक. भांडण मिटलं ना?

कृष्णाकाठताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे पाणी येत नाही, पण दोन गल्ल्या सोडून येतं, आणि "आपल्याकडे येत नाही" हे दोन गल्ल्या पलीकडचेही २००५ पर्यंत म्हणतच होते. बहीण पुण्यात आहे, कोथरूडला, तिसरा मजला. पण तिसऱ्या डिस्कला पैसे नाहीत आता.

रूटपेठ (पुणे)

आहे की डिस्क. जुनी बॅकअपची १ टीबी काय करणार होतात? तुमचा डेटा सातशे जीबी. तीच पुण्याला पाठवा. ती भरेल तेव्हा पुढचं पुढे.

इमिचचे नुसते फोटो नेऊ नका, त्याच्या डेटाबेसचा डंपही (पूर्ण उतारा) त्याच फोल्डरमध्ये रोज पडू द्या. नाहीतर फोटो परत येतील, पण अल्बम, चेहऱ्यांची नावं, सगळं पुन्हा.

सुशेगाद_सिस्अॅड (फोंडा)

फक्त एक भर. डिस्क कपाटात ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातल्या फेकू नका, जमवा. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तिथे डिस्कच्या पिना काय टिकणार. आणि सहा महिन्यांतून एकदा तरी बहिणीला भेटा.

मीटरगेज (मिरज)

तीन आठवड्यांनी परत आलोय. काय काय झालं ते लिहितो, कारण एक गोष्ट अशी निघाली की ज्याचा मी विचारच केला नव्हता.

यूपीएस मोडचं बटण सापडलं. मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, सहा वर्षांची धूळ. ते दाबल्यापासून तीनदा लाईट गेली, पीसी एकदाही पडला नाही. सगळ्या प्रकरणाचं मूळ ते एक बटण होतं म्हटल्यावर हसावं की काय कळेना.

बॅडब्लॉक्स दोन्ही डिस्कांवर एकामागून एक चालवलं, सहा दिवस गेले. डॉकसमोर टेबलफॅन, आणि आई विचारतेय की त्या खोक्याला वारा आणि मला उकाडा, असं का. दोन्ही डिस्क निर्मळ. नॅसची आत बसवली, सीसीटीव्हीची डॉकमध्ये. डॉक स्वतंत्र बटणावर आहे, रात्री जेवणानंतर चालू करतो, कॉपी झाली की डिस्क अनमाउंट करून बंद. ऑटोमॅटिक नाही, मान्य. पण माझ्या स्क्रिप्टला आता हात लांब करून काही पुसता येत नाही.

आता ती गोष्ट. जुन्या मूळ डिस्कवरून नव्यावर डेटा आणण्याआधी सहज म्हणून फ्लॅकची चाचणी चालवली. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ (बोटाच्या ठशासारखा आकडा) साठवलेला असतो, टी पर्याय दिला की पूर्ण फाइल उलगडून ताडून बघतो. ३२६ फाइली, रात्रभर. ३२५ ठीक. कॅसेट ११२ बाजू अ, चूक. लावून ऐकली तर ३१व्या मिनिटाला खरखर, आणि तिथून आवाज उडी मारून पुढे. मग स्मार्टसीटीएल बघितलं तर जुन्या मूळ डिस्कच्या १९७ समोर ८.

बॅकअपमध्ये बघितलं, तिथेही तशीच खराब. आधी वाटलं हे कसं शक्य आहे, मग उमगलं. आरसिंक फक्त आकार आणि तारीख बघतो. ही फाइल आतून सडली तरी दोन्ही तेच होते, म्हणून त्याने बॅकअपमधल्या चांगल्या प्रतीला इतके महिने हात लावला नव्हता. चांगली प्रत होती तिथे. त्या रात्री ती पुसली गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः, हाताने, सडलेली तिच्या जागी नेऊन ठेवली.

कॅसेटच शोधली मग. ११२ च्या आतली फेल्टची गादी, जी फीत हेडवर दाबून धरते ती, सुटून पडलेली. एका कोऱ्या कॅसेटचे पाच स्क्रू काढले, फितीची दोन्ही रिळं तिच्यात बसवली, चिमट्याने. रविवारी परत घेतली. ३१व्या मिनिटाला काय आहे म्हणाल तर गाणंच नाही. दोन रागांच्या मधली तंबोऱ्यांची लावालाव, आणि मागून वडील कोणाला तरी "खर्ज बघा" म्हणतायत. दुसऱ्या कोणी तेवढा भाग कापून टाकला असता. मी या आठवड्यात चारदा लावला.

शनिवारी कोयनेने पुण्याला जातोय. डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत, टॉवेलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात. रेस्टिकचा पासवर्ड बहिणीला आधीच फोनवर सांगितला, तिने तो गॅसबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलाय म्हणाली.

जुन्या मूळ डिस्कचं काय करू? १९७ समोर ८ म्हणजे भंगारच ना?

नाइटशिफ्ट (हिंजवडी)

भंगारच, पण आत्ता नाही. पुण्यात बहिणीच्या मशीनवर तिथे नेलेल्या डिस्कमधल्या दोन-चार फाइली रिस्टोअर करून ऐकून बघा. रेस्टिक तिथे टाकावं लागेल, पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्या नीट वाजल्या की मग इकडची फेका. तोपर्यंत तिच्यावर काही लिहू नका, नुसती कपाटात ठेवा.

आणि पासवर्ड फोनवर सांगितलात ना, तो तिने बरोबर लिहिलाय का तेही तिथेच कळेल.